पुडीच्या कागदाचं नाव

माझी अक्षरं कधी एका रंगाची नसायची. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं, घोटीव कागद विकत घ्यायची ऐपत नव्हती एवढंच. हल्ली एखादा माणूस आपल्या लग्नाचा जुना फोटो दाखवून म्हणतो, 'काय डोकं होतं हो तुमचं, तुकड्यातुकड्यांची अक्षरं!' तेव्हा मला राग येतो. पण मी हसतो, चहा पितो आणि विषय बदलतो.

बारावी नापास झालो त्या वर्षी कळमनुरीतल्या एका बिछायतवाल्याकडे कामाला लागलो. मंडप, गाद्या, भांडी असं सगळं तो भाड्यानं द्यायचा. लग्नात नवरानवरीच्या खुर्च्यांमागे लाल मखमलीचा पडदा लागायचा आणि त्यावर दोघांची नावं कागदी अक्षरांत टाचायची, हे काम माझं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती आणि फ्लेक्स हा शब्द आमच्याकडे कुणी ऐकलेला नव्हता.

कागद मी मिळेल तिथून उचलायचो. जुन्या लग्नपत्रिका, उदबत्तीचे खोके, बिडीबंडलाची वेष्टनं, चहाच्या पुड्यातली चांदी, सरलेल्या वर्षाची कॅलेंडरं. गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं आणि वर्तमानपत्रावर हे तुकडे एकाला एक भिडवून चिकटवायचे. रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलं की जाड, कडक ताव तयार व्हायचा. मग त्यातून अक्षर कापायचं. लांबून पाहणाऱ्याला नाव झळकताना दिसे. जवळ गेलं की 'क'च्या पोटात देवाचा अर्धा मुकुट, नाहीतर गायीचा एक डोळा सापडे. मला या कामाचा माज होता, हे कबूल करतो.

माझी बहीण मला चिडवायची. ती माझ्याहून सात वर्षांनी लहान, सातवीत होती. मी घरात शिरलो की ओरडायची, "मायऽ, कागद लपव, दादा आला." शाळा माझ्या कामापेक्षा वरची, असं तिचं ठाम मत होतं. मी कापलेल्या अक्षरांत तिला नेहमी काही ना काही खोट दिसायची आणि ती बहुतेक वेळा खरी असायची. तिचं नाव तीन अक्षरांचं होतं. ते मी इथे लिहिणार नाही.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता तिला ताप आला. आधी गावात, मग कळमनुरीला, मग नांदेडला. ताप डोक्यात गेला म्हणाले. पाचव्या दिवशी तिला जीपमधून परत आणलं तेव्हा ती गेलेलीच होती.

आमच्याकडे माणूस गेलं की तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचं अंथरूण-पांघरूण, कपडे घराबाहेर काढतात. घरात ठेवलं तर गेलेल्याचा जीव घुटमळतो म्हणतात. तिचे दोन फ्रॉक आणि गोधडी तर गेलीच. तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी तिचं दप्तर रिकामं केलं, सात वह्या सुतळीनं बांधल्या आणि तो गठ्ठा माझ्यापुढे ठेवला.

"हे बी ने."

"कुठं नेऊ?"

"दुकानात देऊन ये. पुड्याला व्हतील."

आई आत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी गठ्ठा सायकलला लावला आणि गावातल्या किराणा दुकानात नेऊन दिला. आमच्याकडे वर्ष संपलं की सगळ्याच घरांतल्या वह्या त्या दुकानात जात. दुकानदार शिवण उसवून पानं सुटी करायचा, खिळ्याला टोचायचा आणि त्यांच्या पुड्या बांधायचा. डाळीला दोन पानं, साखरेला एक, हळद-मोहरीला पाव. मी गठ्ठा उघडूनसुद्धा पाहिला नाही. गावातलं पडलेलं चिटोरं न सोडणारा मी, त्या सात वह्या देऊन परत आलो आणि बाहेर ओट्यावर बसून राहिलो. त्या दिवशी मला ते कागद वाटलेच नाहीत, नकोशी झालेली वस्तू वाटली. याहून बरं कारण मला आजही सापडलेलं नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले. त्यानंतर आठवडाभरानं आई पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन बसली. मी एका लग्नाची नावं कापत होतो.

"लोकाच्या लेकींची नावं करतूस," ती म्हणाली. "तिचं करून दे."

तिचा फोटो नव्हता. एकही नाही. सातवीचा सगळ्या वर्गाचा फोटो परीक्षा झाल्यावर निघायचा होता. जत्रेत एकदा फोटोवाल्यापुढे उभी राहिली होती, पण वडील म्हणाले होते, पुढच्या साली काढू. भिंतीवर लावायला काहीच नव्हतं.

"करतो की. चांगल्या चांदीचं करतो."

"चांदी नको. तिच्या वह्या काढ. तिनं लिवलेल्या कागदाचंच कर."

मी कात्री खाली ठेवली आणि सांगून टाकलं, "माय, वह्या मी दुकानात दिल्या."

"तू दिल्या?"

"व्हय."

वडिलांनी सांगितलं होतं, हे मी बोललो नाही. वडील दोन हातांच्या अंतरावर बसले होते, तेही बोलले नाहीत. हे लिहितानासुद्धा मला त्यांचा राग येतो. आई बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. रडली नाही, बोलही लावला नाही. मग म्हणाली, "जा. किती उरल्यात ते बघ."

दुकानात खिळ्याला तिची नऊ पानं उरली होती. इतिहासाची वही होती ती. दुकानदाराला कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "तुमच्याच घरून आल्या म्हणून मी इचारलंबी न्हाई," तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. बाकीच्या वह्या तीन आठवड्यांत गावभर गेल्या होत्या. एक गठ्ठा त्यानं आपल्या मेहुण्याला दिला होता. मेहुणा कळमनुरीच्या आठवडी बाजारात भजे आणि फुटाणे विकायचा.

मी घरोघर फिरू लागलो. "पुडीचे कागद हायेत का?" असं दारात उभं राहून विचारायचं. पहिल्या दोन घरी बायांना वाटलं, मी नेहमीसारखा अक्षरांसाठी मागून राहिलो. कशासाठी ते कळल्यावर त्यांनी चुलीपाशी, फडताळात, डब्याखाली शोधायला सुरुवात केली. बरेचसे कागद चुलीत गेले होते. एकीनं मोहरीच्या डब्याच्या बुडाशी घातलेला कागद काढून दिला. एका घरी लेकरानं विमान केलं होतं, ते त्याच्या हातून घेताना ते भोकाड पसरून रडलं आणि मी तरीही घेतलं. चार दिवसांनी तांड्यावरची एक म्हातारी चालत आली. तिच्या पदरात साखरेच्या पुडीचा कागद घडी घालून बांधलेला होता. आमचं तिचं काही येणं-जाणं नव्हतं. कागद आईच्या हातात देऊन ती पाणीसुद्धा न घेता गेली.

गावच्या बाया दुसऱ्याच पोरांचे कागदही आणून देत. त्यांना वाचता येत नव्हतं. एक निळं लिहिलेलं पान दिसलं की त्या घेऊन येत. मी ते परत कसे करणार? घेत राहिलो.

बाजाराच्या दिवशी कळमनुरीत त्या मेहुण्याच्या गाड्यापाशी सकाळपासून उभा राहिलो. त्याच्याकडचा गठ्ठा आदल्याच आठवड्यात संपत आला होता, खालची थोडी पानं उरली होती ती त्यानं दिली. पण माझ्या आधी चार-पाच गिऱ्हाइकं होऊन गेली होती. धोतर नेसलेला एक माणूस भजे खात चालला होता आणि त्याच्या हातातल्या कागदावर मला तिचा 'श' दिसला. तिचा 'श' डावीकडे कलायचा. मी त्याच्या मागे निघालो. तो बैलबाजारापर्यंत गेला, एका झाडाखाली थांबला आणि वळून म्हणाला,

"काहून मागं मागं येऊन राहिला रे? भजे पायजेत का?"

मी नुसतं कागदाकडे बोट केलं. त्यानं उरलेली दोन भजी तोंडात टाकली, कागद झटकून माझ्याकडे दिला आणि मान हलवत गेला. मी वेडाच आहे असं त्याला वाटलं असणार. तिनं काढलेला महाराष्ट्राचा नकाशा होता त्या पानावर. तेलानं पान पारदर्शक झालं होतं आणि पाठीमागचे प्रश्न नद्यांमधून उलटे दिसत होते. त्या झाडाखाली मी पहिल्यांदा रडलो, चारचौघांत, मोठ्यानं.

घरी आई ते कागद घेऊन बसायची. वाटीच्या बुडानं सुरकुत्या काढायची, बोटं फिरवायची आणि दोन ढीग करायची. "हे तिचं. हे न्हाई." ती अंगठा उठवणारी बाई. मी नंतर वाचून खात्री करायचो, तर तिचं एकदाही चुकलेलं नसायचं. मला वाटलं, शाईच्या रंगावरून आणि पानाच्या रेघांवरून ओळखत असेल.

चहाच्या पेटीची एक फळी घासून घेतली आणि कामाला लागलो. या वेळी वर्तमानपत्राचा ताव न करता पानं कापून थेट फळीवरच चिकटवायची होती. वीतभर उंचीची तीन अक्षरं बसणार होती. पहिलं अक्षर इतिहासाच्या पानांचं झालं. दुसऱ्यात गणितं आली, हळदीनं पिवळी पडलेली, आणि नकाशाही त्यातच बसला. दोन अक्षरं झाली आणि कागद संपला. तिसऱ्यासाठी एक चिटोरंसुद्धा नव्हतं. लहान अक्षरं करावीत हे मला आधी सुचायला हवं होतं. पण मी पडद्यावरची नावं करणारा, मांडवाच्या टोकावरून दिसतील अशीच अक्षरं कापायची सवय. आई रोज फळीपाशी येऊन विचारायची, "तिसरं?" मी म्हणायचो, "अजून कागद येतीलच."

पंधरा दिवस कुणीही काही आणलं नाही. मग मी कळमनुरीहून तसलीच एकरेघी वही आणली, तीच निळी शाई आणली. मला कुणाचंही अक्षर काढता यायचं, लग्नाच्या पत्रिकांवर पाहुण्यांची नावं लिहिताना लोक मुद्दाम माझ्याकडे येत. तिचा डावीकडे कललेला 'श' मी काढला, तिचा पोट फुगलेला 'ळ' काढला. सातवीच्या पुस्तकातले प्रश्न घेतले आणि ती लिहील तशी उत्तरं लिहिली, एका ठिकाणी तिच्यासारखं खोडलंसुद्धा. पानांना हळद चोळली, तेलाचं बोट लावलं, चुरगाळून पुन्हा सरळ केली. लिहिताना मला हात चांगला जमल्याचा आनंद झाला. बहीण जाऊन दोन महिने झाले होते आणि मला आनंद झाला.

आई शेतात गेली असताना मी तिसरं अक्षर कापून चिकटवलं. संध्याकाळी सांगितलं, एका पाहुण्याकडे गठ्ठा सापडला. वडिलांनी खिळा ठोकला, फळी टांगली. तिघं जण तिच्यापुढे उभे राहिलो. नाव पुरं झालं होतं. आईनं डोळ्यांना पदर लावला आणि मला वाटलं, सुटलो.

कापताना पडलेली कात्रणं ती टाकू देत नसे. प्रत्येक अक्षराची कात्रणं तिनं एका डब्यात भरून ठेवली होती. तिसऱ्याचीही तिनं जमिनीवरून वेचली.

दोन दिवसांनी कामावरून आलो तर फळीवर दोनच अक्षरं होती. तिसऱ्याच्या जागी ओला, खरवडलेला डाग होता आणि खाली उलथणं पडलं होतं.

"माय, हे काय केलंस?"

"ते तिचं नव्हतं."

माझा तोल गेला. "कुणाला कळणार हाय? नाव पुरं झालं व्हतं ना? तुला वाचता तरी येतं का?"

असं मी माझ्या आईला विचारलं. वडील म्हणाले, "गप बस रे." ती मात्र चिडली नाही. डब्यातून दोन कात्रणं काढून तिनं माझ्या तळहातावर पालथी ठेवली.

"हात फिरव. ती दाबून लिवायची. मागून बोटाला लागतंय, बघ. आन् तुझं हे? काहीच लागत न्हाई."

खरंच लागत नव्हतं. मी हलक्या हाताचा, अक्षर नटवणारा माणूस. तिच्या कागदाच्या पाठीवर ओळीच्या ओळी वर आल्या होत्या, आणि मी इतके दिवस नुसतं पुढूनच पाहत होतो.

"मग अर्धंच नाव ठेवायचं का भिंतीवर?"

"जेवढी घावली तेवढीच ऱ्हाऊ दे. जागा सोड. अजून घावंल."

जागा सोडली. आई येता-जाता फळीवरच्या त्या दोन अक्षरांवरून हात फिरवायची. पुढची कितीतरी वर्षं घरात आलेली एकही पुडी तिनं न पाहता चुलीत घातली नाही. डाळ डब्यात ओतायची, कागद मांडीवर सरळ करायचा, पालथा घालून अंगठा फिरवायचा. मग चुलीत. वडील दर बाजारी चार-चार गाड्यांवरून फुटाणे घ्यायचे. दाढा पडल्या होत्या, चावत नव्हते. आमच्या घरात फुटाण्यांचे डबे भरून राहायचे. तिला जाऊन दोन वर्षं होत आली तेव्हा औंढ्याच्या एका नातलगाकडे ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं अर्धं पान मिळालं. आईनं ते डब्यात ठेवलं. त्यानंतर काहीच नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा वहीचा कागद कुठून येणार? मला कळत होतं आणि तिलाही कळत असणारच. घरी येणारे भिंतीवरची दोन अक्षरं वाचून विचारायचे, हे काय लिवलंय? कुणाला त्याचा अर्थ लागायचा नाही.

मधल्या काळात हिंगोली जिल्हा झाला. मग फ्लेक्स आलं आणि वर्षभरात माझं काम बंद पडलं. मखमलीच्या पडद्याची बिछायतवाल्यानं गाद्यांना खोळ शिवली. मी कळमनुरीत बी-बियाणांच्या दुकानात लागलो. वडील गेले. त्यांचा फोटो होता, त्याचंही फ्लेक्स झालं, दोन बाय तीनचं.

एक दिवस मी घरी आलो तर आई ओट्यावर बसली होती. मांडीवर साखर होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत. गावातल्या दुकानदाराच्या पोरानं खिळा काढून टाकला होता आणि तिथे पिशव्यांचा गुच्छ टांगला होता. आता हळदसुद्धा पिशवीतच मिळणार होती. आई त्या पिशवीवरून अंगठा फिरवत होती.

"ह्यावर काहीच नस्तं," ती म्हणाली.

तिनं साखर डब्यात ओतली, पिशवी झटकली, ती कुठं टाकायची ते तिला कळेना, म्हणून हातातच धरून राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिसऱ्यापुरतं तिच्यावानी लिवायला तुला अजून येतंय का?"

"येतंय."

"मग लिव."

मी वही आणली, शाई आणली. बरेच दिवस खळ शिजवली नव्हती, पहिल्यांदा गुठळ्या झाल्या, ती टाकून दुसरी केली. औंढ्याचं अर्धं पान मधोमध ठेवलं आणि बाकीचं लिहायला बसलो. या वेळी दाबून लिहिलं. बोट दुखेपर्यंत, एकदोन ठिकाणी कागद फाटेपर्यंत दाबून लिहिलं. पानं वाळल्यावर तिच्यापुढे पालथी ठेवली. तिनं एकेका पानावरून सावकाश हात फिरवला.

"व्हय," ती म्हणाली, "हे तिचंच हाय."

मी अक्षर कापलं आणि फळीवर चिकटवलं. कात्रणं जमिनीवर पडली होती, ती या वेळी तिनं वेचली नाहीत, मीच झाडून काढली. त्यानंतर आई सहा वर्षं जगली. त्या फळीवरून हात फिरवताना मी तिला पुन्हा कधी पाहिलं नाही.